बायका थांबल्या, गाणं चालूच: एका मंगळागौर व्हिडिओची चिरफाड

डोंबिवलीतल्या बायकांचा एक मंगळागौरीचा ग्रुप आहे, श्रावणातल्या मंगळवारी (आणि हल्ली हॉल मिळेल त्या वारी) खेळ करतात, फुगडी झिम्मा पिंगा सूप सगळं. नुकतंच लग्न झालेल्या एका मुलीच्या मंगळागौरीचं शूटिंग त्यांनी स्वतःच केलं. दोन फोनवर व्हिडिओ, आणि तिसरा फोन गाणाऱ्या बायकांच्या पुढ्यात, ढोलकीच्या शेजारी, नुसता आवाज रेकॉर्ड करायला. ही तिसऱ्या फोनची आयडिया ग्रुपमधल्या एका काकूंची, आणि अख्ख्या शूटिंगमधली सगळ्यात हुशार गोष्ट तीच होती, कारण कॅमेरावाल्या फोनवर पंख्याची घरघर आणि पोरांचा दंगाच जास्त येतो. एडिटिंग पण काकूंनीच केलं, फोनवरच्या एका अ‍ॅपमध्ये, आणि सगळ्यांना पाठवायच्या आधी मला दाखवलं. म्हणाल्या, "अरे शेवटी शेवटी आवाज मागे पडतोय बघ, तो तिसरा फोन स्लो आहे बहुतेक."

बघितलं. नॉनस्टॉप खेळांचा साधारण बारा मिनिटांचा भाग होता. सुरुवातीची फुगडी एकदम बरोबर. पिंग्यापर्यंत काहीतरी खटकायला लागतं पण नेमकं काय ते सांगता येत नाही. शेवटी बायका थांबतात, पदर सावरतात, एकजण पाणी मागते, आणि गाणं आपलं चालूच. गंमत म्हणजे मधल्या झिम्म्यात काही ठिकाणी टाळी अगदी परफेक्ट जुळत होती, त्यामुळे काकूंना वाटलं की आवाज मध्येच नीट होतो आणि परत बिघडतो. तसं काही नव्हतं, झिम्म्याच्या टाळ्या एकसारख्या अंतराने पडतात ना, मग आवाज बरोब्बर एका किंवा दोन टाळ्यांनी मागे असला तरी चुकीची टाळी चुकीच्या टाळीवर बसते आणि बघणाऱ्याला बरोबर वाटतं. म्हणून तालावर सिंक, म्हणजे चित्र आणि आवाजाचा मेळ, कधीच तपासू नये. एकदाच घडणारी गोष्ट शोधायची, हातातून सूप पडलं, कोणी शिंकलं, ढोलकी थांबली, असलं काहीतरी.

आता आवाज मागे पडायची नेहमीची कारणं दोन. पहिलं, फोन एकसारख्या वेगाने फ्रेम (व्हिडिओतलं एकेक चित्र) घेत नाही, सेकंदाला ३० लिहिलेलं असतं पण उजेड कमी झाला की खाली येतो, याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात, आणि काही सॉफ्टवेअर त्यात गडबडतात. पण तशी गडबड हळूहळू वाढते, एकाच क्लिपच्या सुरुवातीला कमी आणि शेवटी जास्त. म्हणून मी एकही कट नसलेली मोठी क्लिप घेतली आणि तिच्या सुरुवातीचा आणि शेवटचा एकेक आवाज ताडून बघितला. दोन्हीकडे फरक तेवढाच. म्हणजे क्लिपच्या आत काही होत नव्हतं. फरक वाढत होता तो जोडांवर, आणि दुसरं कारण तेच, एका क्लिपवरून दुसरीवर गेलं की आवाज अर्धा सेकंद अजून मागे, पुढच्या जोडाला अजून अर्धा.

मग काकूंना विचारलं की हे आधीपासून असंच होतं का. तर म्हणे नाही, कट केले तेव्हा सगळं जुळलेलं होतं, "ते ट्रान्झिशन सगळीकडे लावले ना, त्याच्यानंतर लक्षात आलं." झालं, चोर सापडला. (ट्रान्झिशन म्हणजे एका क्लिपवरून दुसरीवर जाताना मधे लावायचा इफेक्ट.) क्लिपा दहा, जोड नऊ, अ‍ॅपमध्ये 'सगळ्यांना लावा' असं बटण, प्रत्येक ट्रान्झिशन अर्ध्या सेकंदाचं. नऊ गुणिले अर्धा, साडेचार सेकंद. ट्रान्झिशन काढून टाकले की व्हिडिओची एकूण लांबी तेवढीच वाढत होती आणि परत लावले की तेवढीच कमी. खालचा आवाज मात्र वेगळ्या लेयरवर, तो जागचा हलत नव्हता. चित्र प्रत्येक जोडाला अर्धा सेकंद पुढे पळत होतं आणि बिचाऱ्या तिसऱ्या फोनवर आळ. मधल्या काळात काकूंनी आवाज चार-साडेचार सेकंद अलीकडे ओढूनही बघितला होता, तर शेवट जुळला आणि सुरुवातीची फुगडी बिघडली, जे होणारच होतं.

हे असं का होतं ते एकदा नीट कळलं की ट्रान्झिशनबद्दलचे निम्मे प्रश्न सुटतात. साधा कट म्हणजे पहिल्या क्लिपची शेवटची फ्रेम आणि लगेच दुसरीची पहिली. पण क्रॉस डिझॉल्व्ह (एक चित्र विरत दुसरं उगवणं) म्हणा, पान उलटणं म्हणा, त्यात काही काळ दोन्ही क्लिपा एकाच वेळी पडद्यावर असतात. मग त्या वेळासाठी दोन्हीकडच्या फ्रेम लागणार, त्या आणायच्या कुठून? क्लिप ट्रिम केलेली असेल तर कापलेला भाग खरं तर गेलेला नसतो, नुसता झाकलेला असतो, त्या शिल्लक भागाला हँडल म्हणतात. डाविंची रिझॉल्व्ह, प्रीमियर वगैरे सॉफ्टवेअर ट्रान्झिशनसाठी हे हँडल वापरतात आणि टाइमलाइनची (क्लिपा ओळीने मांडायची पट्टी) लांबी आहे तेवढीच ठेवतात. ३० फ्रेमच्या टाइमलाइनवर एक सेकंदाचा डिझॉल्व्ह कटाच्या मधोमध टाकला तर १५ फ्रेम याच्या आणि १५ त्याच्या लागतात. हँडल नसेल तर रिझॉल्व्ह विचारतं की क्लिप कापून जागा करू का, प्रीमियर सांगतं की मटेरियल कमी आहे, फ्रेम रिपीट होतील, म्हणजे चित्र तेवढ्यापुरतं गोठणार. फायनल कट हँडल नसतील तर विचारतं की क्लिपा एकमेकांवर सरकवू का, हो म्हटलं की लांबी कमी. आणि शॉटकटमध्ये तर ट्रान्झिशन करायची पद्धतच ही की एक क्लिप ओढून दुसरीवर चढवायची. काकूंचं अ‍ॅप या शेवटच्या जातीचं, फक्त न विचारता करणारं. यात अ‍ॅपचं चुकलं असं मी म्हणणार नाही, वाढदिवसाच्या फोटोंचा व्हिडिओ करायला हेच सोयीचं आहे, पण खाली सलग गाणं असलं की मेलं.

तर पहिला उपाय सोपा, नऊच्या नऊ ट्रान्झिशन काढा, सिंक आपोआप परत येतं. काकूंना ते मान्य नव्हतं. "अरे पण नुसता कट केला की झटका बसतो, बघ तू." आणि त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, झटका बसत होता. मला या प्रकरणातला खरा प्रश्न इथे दिसला, कारण ट्रान्झिशन त्यांनी हौसेने लावलेले नव्हते (बरं, हार्टच्या आकाराचं होतं ते हौसेनेच), खराब कट झाकायला लावले होते. म्हणून मी सॉफ्टवेअर बाजूला ठेवून झटका का बसतो ते बघत बसलो.

एक कारण शूटिंगचं. दोन्ही फोन धरणाऱ्या बायका गप्पा मारत शेजारी शेजारी उभ्या, दोघींच्या फ्रेममध्ये तोच गोल, जवळपास तेवढाच मोठा. अशा दोन शॉटमध्ये कट मारला की डोळ्याला वाटतं चित्र बदललं नाही, हललं. जुना नियम आहे की कॅमेऱ्याची जागा निदान ३० अंशांनी तरी बदलावी, किंवा मग शॉटचा आकार चांगलाच वेगळा असावा. जागा तर आता बदलता येणार नव्हती, पण नशिबाने एका फोनवर फोर-के शूटिंग होतं आणि व्हिडिओ द्यायचा होता फुल एचडीत, म्हणजे त्या फोनचं चित्र दुप्पट मोठं केलं तरी फुटत नाही. मग त्या फोनला केलं क्लोजअपवाला, नुसते हात, गिरक्या घेणारे पदर, पिंगा घालणाऱ्या दोघीच, आणि दुसऱ्याला ठेवलं अख्खा गोल दाखवायला. निम्मे झटके तिथेच गेले.

दुसरं कारण कटाच्या जागेचं. काकूंनी कट मारले होते ते जिथे एक हालचाल पूर्ण होऊन सगळ्या क्षणभर थांबतात तिथे. ऐकायला बरोबर वाटतं, की एक खेळ संपला, आता कट करू. पण चित्र स्थिर असताना डोळा निवांत असतो आणि कट चटकन दिसतो. हालचाल चालू असताना डोळा हाताच्या मागे धावत असतो, तेव्हा कट मारला तर कळतही नाही.

इथून पुढचं काम रिझॉल्व्हच्या फुकट व्हर्जनमध्ये. दोन्ही व्हिडिओ आणि तिसऱ्या फोनचा आवाज घेऊन मल्टिकॅम क्लिप (सगळ्या फोनचं एकत्र बांधलेलं गाठोडं) बनवली, सिंक आवाजावरून, ते स्वतःच तिन्हींच्या वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाच्या लाटांचे आलेख, जुळवतं. मग व्ह्यूअरमध्ये दोन्ही फोन शेजारी शेजारी दिसतात, प्ले करायचं आणि जो हवा त्यावर क्लिक करत जायचं, तिथे तिथे कट पडतो. फक्त चित्र बदलेल असा ऑप्शन आधी लावून घ्यायचा, नाहीतर आवाजाचेही तुकडे पडतात. (मागच्या भिंतीपाशी फोन ठेवणाऱ्यांसाठी एक सांगतो, आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे १७ मीटरवर तो एक विसांश सेकंद उशिरा पोचतो, ३० च्या टाइमलाइनवर दीड फ्रेम. आवाजावरून सिंक केलं की त्या फोनचं चित्र तेवढं आधी येतं. एखादी फ्रेम उशिरा सरकवायची, बस.)

प्ले करता करता मारलेले कट नेहमी थोडे उशिरा पडतात, माणूस बघतो, ठरवतो, मग बोट दाबतो. म्हणून नंतर ट्रिमिंग. आणि ट्रिम म्हणजे नुसतं टोक ओढणं असं बऱ्याच जणांना वाटतं तिथे घोटाळा होतो, कारण टोक ओढल्यावर बाकीच्या टाइमलाइनचं काय व्हायचं यावर ट्रिमचे वेगवेगळे प्रकार आहेत. रिपल ट्रिममध्ये क्लिप लहान केली की पुढचं सगळं सरकून जवळ येतं, पोकळी राहत नाही. बोलण्याच्या भागाला हे मस्त. पण गाण्यावर रिपल केलं की परत तोच काकूंचा आजार, चित्र सरकलं आणि आवाज तिथेच. गाण्यावर लागतं रोल ट्रिम, म्हणजे कटाची रेघ तेवढी डावीकडे उजवीकडे हलवायची, एक क्लिप जेवढी वाढेल तेवढीच दुसरी कमी होईल, एकूण लांबी तीच आणि सिंकला धक्का नाही. रिझॉल्व्हमध्ये टी दाबून ट्रिम मोड घ्यायचा, कटाच्या बरोब्बर मध्यावर क्लिक करायचं, आणि मग कीबोर्डवरच्या स्वल्पविरामाने एक फ्रेम मागे, पूर्णविरामाने एक फ्रेम पुढे. माउसने ओढायच्या फंदात पडू नये, पाच फ्रेम कधी गेल्या ते कळत नाही.

झिम्म्यातला एक कट सांगतो म्हणजे फ्रेमचा हिशोब कळेल. टाळ्या साधारण अर्ध्या सेकंदाला एक, म्हणजे १५ फ्रेमला एक. काकूंचं ट्रान्झिशनही अर्ध्या सेकंदाचं, तेसुद्धा १५ फ्रेमचंच! म्हणजे प्रत्येक ट्रान्झिशन एक अख्खी टाळी गिळत होतं, तेवढा वेळ पडद्यावर दोन दोन गोल एकमेकांत मिसळलेले आणि चाळीस हातांचा गोंधळ. तिथे मी साधा कट ठेवला. आधी टाळीच्या बरोब्बर फ्रेमवर ठेवून बघितला, तर टाळीचा आवाज आणि चित्राचा बदल एकदम आल्यामुळे ढोलकीवर थाप मारावी तसं वाटत होतं, एकदा चांगलं वाटतं, प्रत्येक वेळी केलं तर वैताग. मग तोच कट टाळीच्या चार फ्रेम आधी नेला, हात एकमेकींकडे निघालेत, जवळच्या शॉटमध्ये ते येऊन भिडतात आणि टाळी वाजते. कट दिसतच नाही. काकूंना दाखवलं तर त्यांनी विचारलं, "कुठे आहे कट?" त्या विषयावरचा वाद तिथे संपला.

गरगर फिरणारं ट्रान्झिशन होतं ते तर फुगडीवरच होतं, बायका एका दिशेला फिरतायत आणि चित्र उलट्या दिशेला. एका आजींना बघून गरगरलं म्हणे. ते काढायला कोणाची ना नव्हती.

आता उखाण्यांचा भाग. खेळांच्या मध्ये नवरीला आणि बाकीच्यांना उखाणे घ्यायला लावले होते, तिथे सलग गाणं नाही, सगळं बोलणं, त्यामुळे काकूंनी अ‍ॅपमधलं शांतता आपोआप कापायचं फीचर वापरलं होतं. लांबी छान कमी झाली आणि उखाणे सगळे मेले. उखाण्याची मजा कशात आहे, नाव घ्यायच्या आधी जी बाई थांबते त्यात! सगळ्या कान टवकारून बसलेल्या, ती लाजते, पदर तोंडाशी नेते, कोणीतरी मागून "घे की आता" करतं, आणि मग नाव येतं. अ‍ॅपला ती शांतता म्हणजे कचरा, त्याने ती उडवली, आणि उखाणा एका दमात बातम्या वाचल्यासारखा झाला. मूळ क्लिप परत घेतल्या आणि हाताने ट्रिम केल्या, इथे रिपल. नावाच्या आधीचा थांबा पूर्ण ठेवला, कापलं ते माइक हातात द्यायला लागणारा वेळ आणि "मी नाही, तू घे" ची लांबण, त्यातलंही एक ठेवलं कारण ते खरंच गोड होतं.

नवरीच्या उखाण्याला एक एल (L) कट केला. म्हणजे आवाज नवरीचाच चालू आहे पण चित्र थोडं आधीच तिच्या सासूबाईंवर गेलंय. रिझॉल्व्हमध्ये आल्ट धरून क्लिपच्या नुसत्या चित्रावर क्लिक केलं की आवाज सुटा होतो आणि चित्राचं टोक वेगळं ट्रिम करता येतं. नाव ऐकल्यावर नवरी काय करते ते सगळ्यांना माहीत असतं, सासूबाई काय करतात ते बघण्यासारखं असतं. याच्या उलटा 'जे' (J) कट, म्हणजे पुढच्या भागाचा आवाज आधी सुरू होतो आणि चित्र मागून येतं, तो पूजेतून खेळांकडे जाताना वापरला, फुलांनी आणि पत्रीने सजवलेली पूजा दिसतेय तेवढ्यात ढोलकी सुरू होते. माझं मत विचाराल तर घरगुती व्हिडिओत हे दोन कट ट्रान्झिशनच्या अख्ख्या मेनूपेक्षा जास्त कामाचे आहेत आणि कुठल्याही पॅकमध्ये विकत मिळत नाहीत.

बोलण्यातल्या प्रत्येक कटाला आवाजाचा छोटा क्रॉसफेड (एक आवाज विरत दुसरा चढणं) मात्र लावला, दोन ते चार फ्रेमचा. आवाजाची लाट मधेच कापली गेली की टिक असा बारीक आवाज येतो, फोनच्या स्पीकरवर ऐकू येत नाही पण कोणी टीव्हीवर लावलं की येतो. चित्राला ट्रान्झिशन नको तिथेही आवाजाला लागतं, हे कोणी सांगत नाही.

शेवटी चित्राचे ट्रान्झिशन किती राहिले? अगदी सुरुवातीला काळ्यातून वर येणं, अगदी शेवटी काळ्यात जाणं, पूजेतून हॉलमध्ये एक डिझॉल्व्ह, आणि खेळ संपून जेवणाच्या पंगतीकडे जाताना एक. जिथे वेळ किंवा जागा खरंच बदलते तिथे. पूजेच्या डिझॉल्व्हला अडचण आली, कारण काकू रेकॉर्डिंग अगदी वेळेवर चालू करतात आणि वेळेवर बंद करतात, हँडल शून्य. रिझॉल्व्हने विचारलंच. दोन्ही क्लिपा आतून १५-१५ फ्रेम कापून जागा केली, नाहीतरी बटण दाबताना फोन हलतोच, तेवढा भाग चांगला नव्हताच. पण पहिल्यांदा प्ले केलं तर डिझॉल्व्हमध्ये पूजेवर एका हाताचं भूत, फोनकडे येणारा काकूंचाच हात. हे विसरायला होतं, की हँडल म्हणजे तुम्ही कापून झाकलेला भागच, ट्रान्झिशन लावलं की तो अर्धवट परत बाहेर येतो. अजून दहा-बारा फ्रेम आत कापल्यावर हात गेला.

हार्टवाल्या ट्रान्झिशनवर तडजोड झाली. ते व्हिडिओत नको, पण नाव येतं त्या टायटलला राहू दे, काकूंची तेवढी इच्छा होती आणि टायटलला खाली काही सिंक नसतं. ठेवलं.

मग एक्सपोर्ट. एचडी फाइल नीट होती, ती व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवली तर कट सगळे स्वच्छ आणि पूजेच्या डिझॉल्व्हमध्ये फुलांचे चौकोन चौकोन. कॉम्प्रेशन आधीच्या फ्रेममधला न बदललेला भाग परत वापरून जागा वाचवतं, आणि डिझॉल्व्हमध्ये प्रत्येक पिक्सेल प्रत्येक फ्रेमला बदलत असतो, वाचवायला काही उरतच नाही. साध्या कटाला हा त्रास एका फ्रेमपुरता. शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवली, तसं पाठवलं की ते फाइल दाबत नाही आणि २ जीबीपर्यंत चालते. अर्थात निम्म्या जणींनी ती डाउनलोडच केली नाही आणि "छोटी करून पाठव ना" असे मेसेज आले, मग डिझॉल्व्ह अर्ध्या सेकंदाचा करून छोटी फाइलही दिली.

एक जागा मात्र नाही सुधारली. सूप नाचवण्याच्या खेळात मधे क्लोजअपवाल्या फोनची मेमरी फुल झाली आणि दुसरा फोन नेमका त्याच वेळी कोणाच्या तरी पाठीवर रोखलेला. पाऊण मिनिट गाणं आहे आणि चित्र नाही. तिथे टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षकांचे, लहान मुलींचे, रांगोळीचे शॉट टाकले, प्रत्येक शॉट स्लिप करून, म्हणजे क्लिपची जागा आणि लांबी तीच ठेवून आतला भाग मागेपुढे सरकवून, टाळ्या तालात येतील असे बसवले. तरी जी बाई तिथे सूप नाचवत होती तिने फोन करून विचारलंच की मी कुठे गेले. पुढच्या वर्षीसाठी काकूंना दोनच गोष्टी सांगितल्यात, फोन रिकामे करून आणा आणि दोघी समोरासमोरच्या कोपऱ्यात उभ्या राहा. पहिली होईल, दुसरीचं काही खरं नाही, गप्पा कोणाशी मारणार मग.